नाव न घेता सांगायचं

गेल्या शनिवारी चौथीतल्या एका मुलानं कापडी पिशवीत हात घातला, आतली वस्तू चाचपली आणि डोळे मिटूनच बोलायला लागला. "गार लागतंय. गोल हाय, पर सगळीकडनं न्हाय. एका टोकाला भोक हाय. बोट जातंय, अंगठा न्हाय जात. वाकत न्हाय. दगडावर हाणलं तर वाजंल." पिशवीत नळाची जुनी पितळी तोटी होती. एकीला ती ओळखू आली आणि ती बोलणार, तेवढ्यात आठ-दहा जण एकदम ओरडले, "नाव न्हाय घ्यायचं!"

ही नाव न घेण्याची सवय आमच्या वर्गाला लागायला तीन वर्षं गेली. मागच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं की तुमची मुलं एकेका वस्तूचे इतके उपयोग कसे काय सांगतात. तिथे पाच मिनिटांत सांगणं जमलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

शाळा माण तालुक्यातल्या एका वस्तीवर आहे. दोन खोल्या, दोन शिक्षक, यंदा एकोणतीस मुलं. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आमच्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि माणात पाचशेच्या आतबाहेर. मुलांची घरं मेंढरं राखणाऱ्यांची, कोरडवाहू शेतीची, काही मजुरीवर जाणाऱ्यांची. मुलांची नावं मी इथे लिहीत नाही. जिनं जी वस्तू आणली, तिला त्या वस्तूवरून ओळखा.

सुरुवात विटेपासून झाली. एका प्रशिक्षणात आम्हाला एक कागद मिळाला होता, त्यावर प्रश्न होता: एका विटेचे किती उपयोग सांगता येतील? हा प्रश्न जुना आहे. जे. पी. गिलफोर्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली नेहमीच्या वस्तूंचे वेगळे उपयोग विचारणारी चाचणी मांडली, तेव्हापासून वीट जगभरच्या वर्गांतून फिरते आहे. उत्तरं किती आली एवढंच त्यात मोजायचं नसतं. ती किती वेगवेगळ्या जातींची आहेत, इतरांना न सुचलेलं त्यात काय आहे आणि सुचलेलं किती फुलवून सांगितलं आहे, हेही बघायचं असतं. घर, भिंत, पायरी, कट्टा ही चार उत्तरं असली तरी जात एकच, बांधकामाची.

मी मोठ्या उत्साहानं फळ्यावर प्रश्न लिहिला. पहिल्या बाकावरचा मुलगा मोठ्यानं म्हणाला, "घर बांधायला!" आणि झालं. सगळ्या पाट्यांवर घर, मंदिर, शाळा, विहिरीचा कठडा. मी म्हणाले, अजून सांगा. मग दुकान, दवाखाना, ग्रामपंचायत. मुलं गावातली एकेक इमारत मोजत होती. तेवढ्यात मागून एक जण म्हणाला, "बाई, इटंवर इठोबा हुबा ऱ्हायलाय की." वर्ग हसला. मी "ते वेगळं रे" म्हणून पुढे गेले.

संध्याकाळी गाडीवरून घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याचं उत्तर वेगळं होतं, आणि मला तर वेगळंच हवं होतं! पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता, देव दारात आला, सेवा सोडून उठणं शक्य नव्हतं. हाताशी वीट होती ती त्यानं पुढे टाकली आणि यावर उभा राहा म्हणाला. भिंतीत जाणारी वीट पाहुण्याला उभं राहायची जागा झाली. या मुलाची आजी दरवर्षी वारीला जाते. त्याला विटेचा हा उपयोग माझ्या कागदाच्या आधीपासून ठाऊक होता.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्याला सांगितलं की काल तुझं उत्तर मी बाजूला टाकलं, ती माझी चूक. मग सगळ्यांना विचारलं, त्या वेळी पुंडलिकाजवळ वीट नसतीच तर त्यानं काय टाकलं असतं? पाच मिनिटांत फळा भरला. पाट. पालथं घमेलं. पालथं उखळ. पेंड. घडी घातलेलं पोतं. "ढेकूळ, पर वलं न्हाय पायजे, देव खाली जाईल." "लाकडाचा वंडका." यातलं कुठलं किती टिकेल, कशावर उभं राहिलं की पाय दुखतील, पावसात काय विरघळेल, यावर वाद झाला. काल हीच मुलं होती आणि मी पण तीच होते. बदललं होतं एवढंच की काल मी वस्तू हातात देऊन उपयोग मागितले होते, आज एक अडचण दिली होती आणि वस्तू शोधायला सांगितली होती.

तेव्हापासून आमच्याकडे 'अडचणींचा डबा' आहे. खिचडीच्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा धुऊन घेतला, वरचं पान कापून कडा आत वळवून ठोकल्या. मुलं घरची-दारची अडचण चिठ्ठीवर लिहून त्यात टाकतात. आज्जीला चष्मा सापडत नाही. गुळाला मुंग्या लागतात. कोंबडी अंडं कुठं घालते कळत नाही. वाऱ्यानं वहीची पानं उडतात. भावाला झोपवताना झोळी हलवून हात दुखतो. शनिवारी एक चिठ्ठी काढायची आणि एक वस्तू. कधी जोडी जमते, कधी अजिबात जमत नाही. जमली नाही तर चिठ्ठी परत डब्यात.

आता नावाची गोष्ट. डी.एड.ला असताना मी कार्ल डुंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग वाचला होता. त्याचं हे लेखन १९४५ साली इंग्रजीत आलं. एक मेणबत्ती, आगकाड्या आणि टाचण्यांनी भरलेलं खोकं द्यायचं आणि मेणबत्ती भिंतीला लावायला सांगायची. उत्तर असं की टाचण्या ओतून टाकायच्या, खोकं भिंतीला टाचायचं आणि त्यात मेणबत्ती उभी करायची. खोकं टाचण्यांनी भरलेलं दिलं की कमी जणांना सुचतं, रिकामं ठेवलं की जास्त जणांना. भरलेलं खोकं माणसाला 'टाचण्यांचं' दिसतं. त्याचं काम ठरलेलं असतं आणि ठरलेल्या कामापलीकडे नजर जात नाही.

मी वर्गात हे करून पाहिलं. काडी पेटवली नाही, नुसती मेणबत्ती. थर्माकोलच्या फलकावर ती उभी करून दाखवा म्हटलं. चौथीच्या मुलांनी मेणबत्तीलाच टाचण्या टोचल्या, दोऱ्यानं बांधली, खालून हातानं धरून उभी राहिली. खोक्याकडे एकाचाच हात गेला. मग सरांच्या वर्गातून पहिलीतल्या दोघींना बोलावलं. एकीनं आल्या आल्या टाचण्या जमिनीवर ओतल्या आणि खोक्यात मेणबत्ती ठेवून म्हणाली, "हिचं घर." टाचून लावायचं तिला जमलं नाही, पण अर्धी वाट तिनं एका क्षणात चालून टाकली.

दोन मुलींवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. पण २००० साली टिम जर्मन (हे आडनाव) आणि मार्गारेट डेफेटर या दोन संशोधकांनी लहान मुलांवर याच धर्तीचा प्रयोग केला होता. एका बाहुल्याला उंचावरची वस्तू गाठायची होती आणि खोकं पालथं करून त्याची पायरी करायची होती. खोकं आधी सामान भरलेलं दाखवलं की सहा-सात वर्षांची मुलं अडखळली, पाच वर्षांची अडखळली नाहीत. पाच आणि सात यांच्या मध्ये आमच्याकडे मूल पहिलीत येतं. 'हे काय आहे?' असं विचारत आम्ही चित्रावर बोट ठेवतो आणि एकच उत्तर बरोबर धरतो. वाचायला शिकवताना ते लागतंच, मी त्याच्या विरोधात नाही. पण दिवसभर तेच आणि तेवढंच केलं, तर कप म्हणजे चहाचा, बादली म्हणजे पाण्याची आणि चाळण म्हणजे पिठाची एवढंच मुलाकडे उरतं. हे मला मनापासून लागतं.

म्हणून पिशवी आली. माझ्या जुन्या परकराची शिवलेली पिशवी आहे, तोंडाला नाडी. वस्तू आत. हात घालायचा आणि नाव न घेता सांगायचं. कशाचं आहे, किती मोठं आहे, वाकतं का, पाणी धरतं की सोडतं, कुठे टोचतं, किती भाग सुटे होतात. मोडकी छत्री आम्ही अशीच सोडवली होती. तिला छत्री म्हटलं की ती मोडकीच दिसते. नाव काढून घेतल्यावर वर्गासमोर आठ बारीक लोखंडी काड्या, पाणी न धरणारं अष्टकोनी कापड, एक पोकळ दांडा, एक स्प्रिंग आणि एक वाकडी मूठ होती. कापडाचं सरांच्या गाडीच्या सीटला टोपरं झालं. मुठीचा उपयोग एका मुलीनं बोरीची काटेरी फांदी ओढून धरायला केला. काड्या मात्र मी काढून घेतल्या, त्यांची टोकं डोळ्याला लागतील अशी होती. मुलांना ते आवडलं नाही, पण टोकदार, गंजलेलं आणि औषधांच्या डब्यातलं काही माझ्या वर्गात चालत नाही.

सगळ्यात जास्त उत्तरं ज्या वस्तूनं दिली ती म्हणजे टॉवेल. तिसरीतला एक मुलगा आजोबांचा टॉवेल खांद्यावर टाकून आला होता, खेळ म्हणून. मी म्हटलं, आज हाच. आजोबा दिवसभरात याचं काय काय करतात, फक्त बघितलेलं सांगायचं. पोरं सुटलीच. उन्हात डोक्याला गुंडाळतात. भारा उचलायचा असला की त्याचीच चुंबळ. बाजारातनं मिरच्या बांधून आणतात. झाडाखाली उशाला. तोंड पुसायला, आणि चूल पेटत नसली की वारा घालायला. कोकराला गळ्यात बांधून आणायला. विहिरीवर बादलीचा दोर गरम झाला की हाताला. बसायच्या आधी दगड झटकायला. बैलाच्या पाठीवरची माशी हाकलायला. "आज्जा रागावला की खांद्यावरनं काढून झटाककन झटकतोय, मग आमी गप." सत्तावीस झाले. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एक हात कापड घेऊन दिवस निभावतात, आणि हे कुठल्याच पाठात मुलांना भेटत नाही. एका मेंढपाळाच्या मुलीनं मग घोंगडीची खोळ कशी घ्यायची ते वर्गात करून दाखवलं. दोन टोकं एकमेकांत सरकवून तिनं डोक्यावरून अशी घेतली की पाठीमागे पाणी निथळून जाईल. तिच्या हाताला ते पाठ होतं.

त्या यशाच्या भरात मी एक चूक केली. ती लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

पुढच्या शनिवारी मी सांगितलं, घरात दुसऱ्याच कामाला लावलेल्या वस्तू बघून या आणि सांगा. कुणी डालड्याच्या डब्यातली तुळस सांगितली, कुणी जुन्या साड्यांची वाकळ, कुणी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून चारा बांधतात ते. मी प्रत्येकाला "वा!" म्हणत होते. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या न्हाणीला पोत्याचं दार हाय." दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "दारच न्हाय तर." ती खाली बसली. मी हसणाऱ्यांना दटावलं आणि पुढे गेले, जणू दटावलं की काम संपलं. त्यानंतर जवळजवळ दोन आठवडे ती वर्गात आपणहून एक शब्द बोलली नाही.

मी तिच्या घरी गेले. तिची आई शेळ्यांना पाला टाकत होती. न्हाणीचं ते दार मी पाहिलं. शाळेत खिचडीच्या तांदळाची येतात तसल्याच दोन पोत्यांचं होतं. शिवण सुतळीची, दुहेरी, दाभणानं घातलेली. खालच्या काठाला दुमड घालून त्यात लहान लहान दगड भरले होते, म्हणजे माळावरच्या वाऱ्यानं ते उडत नाही. वरच्या बाजूला बांगड्या ओवून तार घातली होती, सरकवलं की सरकतं. मी ते वर-खाली बघत राहिले.

"ताई, हे दगड घालायचं कसं सुचलं?" मी विचारलं.

"सुचायचं काय त्यात, बाई. पोरगी मोठी व्हाय लागली. वारं वर उचलायचं सारखं."

शनिवारी शाळेत येऊन पोरांना दाभण कसं चालवायचं ते शिकवाल का, असं विचारल्यावर त्या आधी नको म्हणाल्या. "मला लिव्हाय-वाचाय येत न्हाय." मी म्हटलं, सुतळीला वाचावं लागत नाही. त्या आल्या. शाळेतल्या रिकाम्या पोत्यांचा ग्रंथपेटीसाठी पडदा करायचा ठरला, कारण आमच्या पुस्तकांवर रोज धुळीचा थर बसतो. दाभण एकच होतं आणि ते त्यांच्याच हातात राहिलं. मुलांनी दगड निवडले, वजन करून, सगळे सारखे. जे हसले होते त्यातल्या एकानं विचारलं, "मावशी, दुहेरी कशापाय?" आणि त्यांनी एकेरी टाका ओढून, उसवून दाखवला. त्या दिवशी त्यांची मुलगी आईच्या शेजारी बसली होती, सुतळीला मेण लावून देत होती आणि सगळ्यांना हुकूम सोडत होती.

या प्रसंगानंतर मी दोन गोष्टी वेगळ्या धरायला शिकले. नड भागवण्यासाठी माणूस जे डोकं चालवतं ते खरं डोकं आहे, त्याला वर्गात मानानं जागा हवी. पण पोत्याचं दार किती छान, असं म्हणून मला गप्प बसायचं नाही. त्या न्हाणीला खरं दार असायला हवं, आणि ते मी ग्रामसभेत बोललेही. मुलीसमोर दोन्ही बोलता आलं पाहिजे. आता मी घरची वस्तू विचारत नाही. कुणी आपणहून सांगितलं तर ऐकते, आणि आधी त्यातली करामत विचारते.

बाटल्यांचं काम त्याच वर्षीच्या उन्हाळ्यातलं. शाळेमागे आम्ही चिंच, कडुनिंब आणि करंज मिळून दहा रोपं लावली होती. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना पाणी कोण घालणार, ही चिठ्ठी डब्यातून निघाली. दुसऱ्या दिवशी एक मुलगा सलाईनची वापरलेली बाटली घेऊन आला, नळी आणि सुईसकट. आमच्याकडे बरेच शेतकरी रोपांना अशा बाटल्या बांधतात, त्यानं तेच पाहिलं होतं. मला धस्स झालं. बाटली कागदात गुंडाळून उपकेंद्रातल्या सिस्टरांकडे पोचवली आणि वर्गाला सांगितलं की कुणाच्या तरी रक्ताला लागलेली सुई उचलायची नाही, कधीच नाही. पण त्याची कल्पना फेकून द्यायची नव्हती. म्हटलं, नाव न घेता सांगा, ती वस्तू करते काय?

"थेंब थेंब सोडती."

"मग थेंब थेंब अजून कोण सोडतं?"

मडकं पाझरतं. गळका नळ. भिजलेली घोंगडी. बराच वेळ गेला. मग पोत्यावालीच म्हणाली, "बाई, कंदिलाची वात त्याल वर वढती. मग पाणी खाली वढंल का?"

पाण्याची रिकामी लिटरची बाटली, झाकणाला भोक, भोकात सुती नाडीचा तुकडा, बाटली उलटी करून काठीला बांधायची. पहिल्यांदा दहा-बारा थेंब पडले आणि बंद. मुलं नाडी ओढून बघायला लागली. मला कारण माहीत होतं, आणि ते न सांगता उभं राहणं हे त्या दिवसातलं माझं सगळ्यात अवघड काम होतं. शेवटी सलाईनवाल्यानं बाटली दाबली, पाणी आलं, सोडली, आत बुडबुडा गेला. "आत वारं जाया पायजे!" त्यानं वर आलेल्या बुडाला भोक पाडायला सांगितलं. सुई तापवून भोक मी पाडलं. पाणी चालू झालं ते थांबेचना, पस्तीस मिनिटांत बाटली रिकामी. मग नाडीला पीळ घालून घट्ट बसवली. अकराला भरलेली बाटली शाळा सुटेपर्यंत पुरली. प्रत्येक गटानं वेळ लिहून ठेवली, सुती नाडी, सुतळी, जुन्या बनियनची पट्टी. नायलॉनची दोरी अगदीच बिनकामाची निघाली, ती पाणी ओढतच नाही. सुट्टीत जवळ राहणाऱ्या चौघांनी आलटून पालटून बाटल्या भरल्या. जूनमध्ये दहापैकी सात रोपं हिरवी होती. दोन शेळ्यांनी खाल्ली, एक वाळलं.

यानंतर 'टाकाऊपासून टिकाऊ' स्पर्धांविषयी मी जरा कडक झाले आहे. चकाकी, रंग, डिंक आणि आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्या दुकानातून शंभर रुपयांना आणायच्या आणि दोन रुपयांच्या बाटलीचं पेनस्टँड करायचं. बहुतेक वेळा ते पालकच करतात. मूल बक्षीस घेतं, पेनस्टँड कपाटावर जातं. परीक्षक म्हणून बोलावलं तर मी एकच विचारते, हे तू कुणासाठी केलंस आणि त्यानं ते वापरलं का?

याच्या अगदी उलट काय असतं ते मी पहिल्यांदा पुण्यात पाहिलं, 'आयुका' या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत. तिथली खेळणी अरविंद गुप्ता यांची. ते आयआयटी कानपूरमधून शिकलेले इंजिनिअर. १९७८ साली ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि पुढचं आयुष्य त्यांनी मुलांच्या खेळण्यांना दिलं. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी मला सगळ्यात जवळची. नळीचे बारीक तुकडे आणि आगपेटीच्या काड्या, एवढंच सामान. काड्यांच्या टोकांना नळी घालून चौकोन केला की तो बोटानं ढकलल्यावर तिरपा होतो, त्रिकोण केला की हलत नाही. माझ्या चौथीच्या मुलांनी हे केल्यावर एक जण खिडकीतून बाहेर बघून म्हणाला, "म्हून छपराला तिरपी लाकडं असत्यात." गुल नसलेल्या काड्या मी घरून निवडून नेते, जळून गेलेल्या. नळी सायकल दुकानात अजून मिळते, दुकानदार मात्र दरवेळी विचारतो, बाई, सायकल आहे कुठं तुमच्याकडे?

आणखी थोडं करून पाहणाऱ्यांसाठी. पहिली पाच-सहा उत्तरं सगळ्यांची सारखी येतात, त्यावर नाराज होऊ नका, ती येऊन जाऊ द्या. मोठ्यानं सांगायच्या आधी प्रत्येकाला पाटीवर लिहू द्या, नाहीतर पहिल्या बाकाचं उत्तर शेवटच्या बाकापर्यंत जातं. ज्याला लिहिता येत नाही त्याला चित्र काढू द्या. "असं कुठं असतं का?" हे वाक्य वर्गातून काढून टाका, त्याऐवजी "करून दाखव" म्हणा. करून दाखवताना जे मोडतं त्याचंही नाव वहीत लिहा. आमच्या वहीत मोडलेल्यांची पानं जास्त आहेत आणि मुलं तीच पुन्हा पुन्हा काढून वाचतात.

परवा सर रजेवर होते म्हणून चारही वर्ग माझ्याच खोलीत होते. पृथ्वीगोलाचा स्टँड गेल्या पावसाळ्यात तुटला आहे. मी चौथीला भूगोल शिकवत होते आणि गोल सारखा टेबलावरून घरंगळत होता. मी एका हातानं तो धरत होते, दुसऱ्या हातानं खडू. चौथीची मुलंही पुढे येऊन धरत होती, पुस्तकांचा आडोसा करत होती. पहिलीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी आली. तिनं हातातली हिरवी प्लास्टिकची बांगडी काढली, टेबलावर आडवी ठेवली आणि गोल उचलून तिच्यावर ठेवला. तो जागच्या जागी बसला. मी हात सोडला तरी हलला नाही. ती काहीच न बोलता आपल्या जागेवर गेली आणि पाटीवर 'क' गिरवायला लागली.

शाळा सुटल्यावर दप्तर पाठीला लावून ती पुन्हा टेबलाशी आली, हात पुढे करून. "बाई, माझी बांगडी."